वाचायला लागलेली मिनिटे

प्रिय अनन्या आणि निहार,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघं मला ते फोटोंचं ॲप घ्यायला लावत होतात. निहार म्हणाला, "आजी, खाली स्क्रोल कर आणि ॲग्री दाब." मी चष्मा लावला आणि अटी वाचायला लागले. थोड्या वेळानं निहारनं विचारलं, "आजी, हँग झालं का?" मी म्हणाले, "नाही, मी कलम चारवर आहे." तुम्ही दोघं इतके हसलात की मागून तुमची आई बघायला आली. अनन्या म्हणाली, "अगं आजी, ते कोणीच वाचत नाही. ते वाचायचं नसतंच."

तुम्हाला पोहायला जायचं होतं म्हणून मी तेव्हा काही बोलले नाही. पण फोन ठेवल्यावर वाटलं, तुम्हाला टिपणीस सरांबद्दल कधी सांगितलंच नाही. त्यांना जाऊन या महिन्यात एक वर्ष होईल. त्यांच्यावर कुणी चार ओळी लिहिलेल्या माझ्या पाहण्यात नाहीत. म्हणून मीच लिहिते. लांब झालंय, पण शेवटपर्यंत वाचा. या पत्रात तेवढी एकच अट आहे.

विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर मी लॉ कॉलेजात नाव घातलं, हे तुम्हाला माहीत आहे. ठाण्यात खोपटच्या एसटी डेपोपासून चालत सात मिनिटांवर कॉलेज होतं. सकाळी सातला वर्ग. माझ्या वर्गात बँकेतले लोक होते, नोकरी सांभाळून शिकणाऱ्या मुली होत्या आणि म्हात्रे नावाचे एक पोलीस हवालदारही होते. सगळे मला काकू म्हणत. टिपणीस सर मात्र पहिल्या दिवसापासून 'सामंतबाई' म्हणत आले.

सर आम्हाला पुरावा कायदा शिकवत. ठेंगणी, सडपातळ मूर्ती, पांढरा अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट, खिशात एक निळं आणि एक लाल पेन. डोंबिवलीहून येत आणि सातला दहा कमी असताना वर्गात हजर असत. आल्यावर मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवत, तोंड स्वतःकडे करून. आवाज त्या शरीरातून येतोय हे खरं वाटू नये असा होता. शेवटच्या बाकावर झोपलेल्यालासुद्धा तो शोधून काढी.

"पाहिलंस की ऐकलंस?" हा त्यांचा सगळ्यांना विचारायचा प्रश्न. एकदा एक मुलगा अर्धा तास उशिरा आला.

"सर, सॉरी, घोडबंदर रोडला जाम ट्रॅफिक होतं."

"पाहिलंस की ऐकलंस?"

"सर, त्यातच बसलेलो ना मी!"

"मग ग्राह्य आहे. बस."

त्यांची दुसरी रीत मला सुरुवातीला फार शाळकरी वाटली होती. वर्गात कुठलंही कलम मनातल्या मनात वाचायची परवानगी नव्हती. एकानं उभं राहून मोठ्यानं वाचायचं, अडखळला तर पुन्हा पहिल्यापासून. माझं सगळं शिक्षण इंग्रजीतून झालेलं. मराठी कागदांतले 'सबब', 'सदरहू', 'लिहून देणार' हे शब्द माझ्या जिभेला नवे होते, त्यामुळे पहिल्या वर्षी माझ्या वाट्याला 'पुन्हा पहिल्यापासून' बरंच आलं.

या रीतीच्या मुळाशी एक वाक्य होतं. जबाब असो, पंचनामा असो, प्रतिज्ञापत्र असो, त्याच्या शेवटी एक ठरलेली ओळ असते: 'वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.' तिच्याखाली सही किंवा अंगठा. सर म्हणायचे, की आपल्याकडे सगळ्यात जास्त वेळा लिहिलं गेलेलं खोटं वाक्य हेच असेल. एकदा त्यांनी म्हात्रे हवालदारांना उभं केलं.

"म्हात्रे, वीस वर्षं नोकरी झाली तुमची. ही ओळ लिहिण्याआधी किती वेळा खरंच वाचून दाखवलंत?"

म्हात्रे जरा घुटमळले. "सर, खरं सांगू की जबाब देऊ?"

वर्ग कोसळला. सर तर डोळे पुसेपर्यंत हसले, आणि पुढे कित्येक दिवस कुणी गुळमुळीत उत्तर दिलं की विचारत, "हे खरं की जबाब?"

सरांच्या या हट्टामागे काय असेल यावर कँटीनमध्ये चर्चा चालत. कुणी म्हणे, वकिलीच्या पहिल्या वर्षात त्यांच्या हातून कुणाचं तरी घर गेलं. कुणी म्हणे, त्यांच्या आईचीच फसवणूक झाली होती. शेवटी मी एकदा त्यांनाच विचारलं. त्यांनी माझ्याकडे जरा आश्चर्यानं पाहिलं. "काहीतरी घडायला कशाला हवं, सामंतबाई? वाक्य लिहिलंय. ते खरं असावं. बस."

आता हिराबाईंची गोष्ट सांगते.

आम्ही तिसऱ्या वर्षाला होतो. कॉलेजचा विधी साहाय्य कक्ष होता, म्हणजे गावोगाव जाऊन लोकांना कायद्याची फुकट मदत करायची. सर त्याचे प्रमुख. एका रविवारी शीळफाट्याच्या पलीकडच्या एका गावात शिबिर होतं. फाट्यावर ट्रेलरांच्या रांगेत आमची बस तासभर अडकली. पोचलो तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेच्या ओसरीवर गावकरी आधीच येऊन बसले होते. त्या भागात तेव्हा जमिनींना एकदम मागणी आली होती, त्यामुळे जो तो हातात कागद घेऊनच होता. आम्ही पहिलीच्या मुलांच्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसलो आणि फॉर्म भरायला लागलो. फॉर्मवर नाव, गाव, काम काय आहे ते, आणि शेवटी तीच छापील ओळ.

माझ्या शेजारच्या बाकावर स्नेहल होती. कल्याणची, एका वकिलांच्या ऑफिसात नोकरी करून शिकणारी, वर्गात पहिली येणारी. तिच्यापुढे सर्वांत मोठी रांग होती, कारण तिचा हात भराभर चालायचा. रांगेतून साधारण पासष्टीच्या एक बाई आल्या, काष्ट्याचं लुगडं, कानात जड कुड्या. याच हिराबाई. बरोबर त्यांचा भाचा होता, म्हणजे भावाचा मुलगा. त्याच्या हातात टाइप केलेला कागद होता, शेवटचं पान वर येईल असा उलटा दुमडलेला.

"ताई, आत्याचं नाव सातबाऱ्यावर चढवायचंय," तो म्हणाला. "इथे तिचं वय आणि आधार नंबर भरा, आणि इथे साक्षीदार म्हणून तुमची सही टाका. उद्या रजिस्ट्रेशन आहे, म्हणून घाईघाईत आलेलो."

स्नेहलनं रिकाम्या जागा भरल्या. आमच्या फॉर्मवर 'काम: वारस नोंदीचा कागद' असं लिहिलं, खालच्या ओळीपाशी हिराबाईंचा अंगठा घेतला आणि भाच्याच्या कागदावर साक्षीदाराच्या जागी सही करायला पेन टेकवलं. तेवढ्यात मागून आवाज आला.

"स्नेहल, किती वेळ लागला?"

सर हात पाठीमागे बांधून उभे होते.

"कशाला, सर?"

"वाचायला."

स्नेहलचं पेन तसंच राहिलं. "सर, गर्दी आहे... आणि यांनी सांगितलं की..."

"म्हणजे ऐकलंस."

सरांनी तिला एक शब्दही सुनावला नाही. खिशातलं लाल पेन काढलं आणि आमच्या फॉर्मच्या समासात लिहिलं: 'वाचायला लागलेली मिनिटे: शून्य.' मग एक बाकडं ओढून हिराबाईंच्या समोर बसले, घड्याळ काढून मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, "मावशी, कागद वाचू का?"

"वाच ना बाबा," हिराबाई म्हणाल्या. "मना कंचं वाचाला येतं."

भाचा म्हणाला, "सर, कशाला टाइम घालवताय? आत्याला सगळं माहितेय."

"मग तिला नव्यानं काही कळणार नाही," सर म्हणाले आणि कागद सरळ करून पहिल्या पानापासून वाचायला लागले. एक वाक्य कागदातलं, मग तेच साध्या बोलण्यातलं. गट नंबर आला तसं त्यांनी विचारलं, "हे शेत कुठलं, मावशी?" हिराबाईंनी हातानं दिशा दाखवली. चतुःसीमा आल्या, त्या त्यांनी स्वतःच पुऱ्या केल्या: पूर्वेला ओढा, पश्चिमेला रस्ता. त्यांना मजा वाटायला लागली होती. मग सरांनी पुढचं वाक्य वाचलं, त्याच आवाजात, त्याच वेगानं.

"'सदर मिळकतीमधील माझा संपूर्ण हक्क मी स्वखुशीने, कोणताही मोबदला न घेता, माझ्या भावाच्या लाभात कायमचा सोडून देत आहे.' म्हणजे, मावशी, या जमिनीतला वडिलांकडून आलेला तुमचा वाटा तुम्ही भावाला देऊन टाकताय. परत मागता येणार नाही."

"सोरून?" हिराबाईंनी विचारलं. "कोन सोरतंय?"

"तुम्ही. असं लिहिलंय."

"मी कवा सोरलं?"

भाचा म्हणाला, "अगं आत्या, फॉर्म्यालिटी असते ती, तुला सांगितलेलं ना..." हिराबाईंनी त्याच्याकडे न बघता सरांना म्हटलं, "परत वाच."

सरांनी पहिल्या ओळीपासून परत वाचलं. वाचून झाल्यावर त्यांनी कागदाची घडी घातली आणि ती भाच्याच्या हातात न देता हिराबाईंच्या हातात दिली. काय करा, काय करू नका, काही बोलले नाहीत. हिराबाईंनी कागद कमरेला खोचला, पदर सारखा केला आणि निघाल्या. भाचा मागून बोलत बोलत गेला.

सरांनी फॉर्मवरचा 'शून्य' खोडला आणि लिहिलं, 'एकवीस'. मग तो स्नेहलसमोर ठेवला. "पुढचे बोलाव," म्हणाले.

परतीच्या बसमध्ये स्नेहल माझ्या शेजारी बसली होती. अख्ख्या वाटेत ती एकच वाक्य बोलली. "काकू, माझी सही झाली असती ना, तर ती खोटी नसती दिसली कुणाला."

पंधरा दिवसांनी हिराबाईंचे भाऊ, तो भाचा आणि आणखी दोन माणसं कॉलेजात आली. मी नेमकी प्राचार्य मॅडमच्या केबिनमध्ये होते, कारण मला माझं बोनाफाईड सर्टिफिकेट सही करून हवं होतं. वय वर्षं बासष्ट.

"आमच्या घरान भांडन लावलं या मास्तरान," भाऊ टेबलावर हात आपटून म्हणाले. मॅडमनी सरांना बोलावून घेतलं. त्यांना प्रकरण वाढायला नको होतं. "टिपणीस सर, काही गैरसमज झाला असेल, तर दोन शब्द दिलगिरीचे..."

"अवश्य," सर म्हणाले. "मी एखादा शब्द चुकीचा वाचला असेल तर माफी मागतो. कागद आणलाय का?"

भाच्याकडे झेरॉक्स होती. सरांनी ती टेबलावर पसरली, लाल पेनाचं टोपण काढलं आणि ते पेन भावापुढे धरलं. "कुठला शब्द चुकला, त्याच्याखाली रेघ मारा."

भावानं पेन घेतलं नाही. "शब्द बरोबर हाय. पन वाचाचं काय कारन व्हतं?"

"ते तुमच्या कागदातच आहे," सर म्हणाले आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "'हा दस्त मला वाचून दाखवला.' मी तुमच्या कागदाचं ऐकलं, एवढंच."

माणसं निघून गेली. मॅडमनी ती झेरॉक्स बाजूला ठेवली. मग त्यांनी माझं बोनाफाईड हातात घेतलं आणि मला मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांना विनोद करायचा होता की नव्हता, मला अजून ठरवता आलेलं नाही.

पावसाळा संपता संपता हिराबाई स्वतः आल्या. एसटीतून खोपटला उतरून 'वाचनाऱ्या मास्तराचं कालेज' विचारत विचारत पोचल्या होत्या. त्यांनी आपलं आपण ठरवलं होतं. भाताचं शेत भावाला द्यायचं, तो ते आयुष्यभर कसत आलाय. रस्त्याकडेचा जांभळीखालचा तुकडा मात्र स्वतःच्या नावावर राहणार. भाऊ कुरकुरत का होईना कबूल झाला होता. सरांनी कागद तयार करवून घेतला आणि वाचायला स्नेहलला बसवलं. हिराबाईंनी तिला तीनदा थांबवलं. 'जांभळीचे झाडासह' हे शब्द राहिले होते, ते घालून घेतले. चौतीस मिनिटं लागली. मग अंगठा.

त्या गेल्यावर स्नेहल सरांना म्हणाली, "सर, मला वाटत होतं त्यांनी काहीच सोडायला नको होतं."

"तुला काय वाटतं, याचा फॉर्मवर रकाना आहे का?" सर म्हणाले. आणि पुढे, "एक रकाना मात्र हवा होता."

पुढच्या शिबिराचे फॉर्म छापून आले तेव्हा त्या जुन्या ओळीच्या खाली नवीन ओळ होती: 'वाचणाऱ्याचे नाव. वाचायला लागलेली मिनिटे.'

सर निवृत्त झाले तेव्हा माजी विद्यार्थ्यांनी मोठा समारंभ केला. न्यायाधीश झालेले दोघे-तिघे आले होते, म्हात्रे नव्या कोऱ्या काळ्या कोटात आले होते. मानपत्र वाचलं जात होतं. 'विद्यार्थ्यांसाठी अहोरात्र झटणारे...' इथपर्यंत आल्यावर सर खुर्चीतून उठले.

"थांबा. 'अहोरात्र' खोडा. मी साडेनऊला झोपतो."

पहिल्या रांगेतून काकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, आवाज आला, "आणि दुपारीसुद्धा!"

चौकट केलेलं, काचेतलं मानपत्र ते. तरी म्हात्र्यांनी स्टेजवरच मागचे खिळे उचकटले, सरांनी लाल पेनानं शब्द खोडला, बाजूला सही केली आणि मगच ते स्वीकारलं. त्यांच्या डोंबिवलीच्या घरात ते तसंच टांगलेलं आहे.

निवृत्तीनंतरही ते आठवड्यातून दोन दिवस शिकवायला येत राहिले. मधे कायदा बदलला, कलमांचे जुने आकडे गेले. सत्तरीला टेकलेल्या माणसानं सगळे नवे आकडे पाठ केले. म्हणाले, "आकडे बदललेत. खोटं बोलायच्या पद्धती त्याच आहेत, म्हणून फार जड नाही गेलं."

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते हॉस्पिटलमध्ये. हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं. काकू, स्नेहल आणि मी खोलीत होतो. सिस्टर कागदांचा गठ्ठा घेऊन आली. "आजोबा, इथे, इथे आणि इथे सही करा."

"काय लिहिलंय?"

"नेहमीचंच असतं हो."

काकूंनी कपाळाला हात लावला. "झालं. आता इथेही."

सरांचा चष्मा काढून ठेवला होता. "सिस्टर, त्यात असं वाक्य असेल की मला माझ्या भाषेत समजावून सांगितलं. आहे?" सिस्टरनं पाहिलं. होतं. "मग ते खरं करूया. स्नेहल, वाच. सामंतबाई, हे माझं घड्याळ धरा, वेळ बघा."

स्नेहल पलंगाच्या कडेला बसून वाचायला लागली. तोवर ती वकील होऊन बरीच वर्षं झाली होती, वाचताना कधी अडखळत नसे. दुसऱ्या पानावर धोक्यांची यादी होती. "'...रक्तस्राव, जंतुसंसर्ग, अर्धांगवायू, क्वचित प्रसंगी होऊ शकतो, याची मला...'"

सरांनी बोट वर केलं. "परत वाच."

तिनं तसंच परत वाचलं.

"वाक्य बसत नाही, स्नेहल. 'क्वचित प्रसंगी' नंतर एक शब्द आहे. तो गाळलास."

काकूंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "वाच गं. त्याशिवाय नाही ते सही करायचे."

मग तिनं त्या शब्दासकट वाचलं. "'...क्वचित प्रसंगी मृत्यू होऊ शकतो, याची मला पूर्ण कल्पना देण्यात आली आहे.'"

"आता बरोबर आहे," सर म्हणाले, आणि चाचपडत तीन ठिकाणी सह्या केल्या. "सामंतबाई, किती झाली?"

"बारा मिनिटं, सर."

"तेरा असतील. परत वाचलं ते धरा."

सिस्टर म्हणाली, "मी रोज सह्या घेते, दुसऱ्या पानावर काय आहे ते आज कळलं." सर हसले. मग त्यांना न्यायला ट्रॉली आली. दारातून बाहेर पडताना त्यांचा हात चादरीबाहेर होता, आणि मनगटावर घड्याळाखालच्या न रापलेल्या कातडीचा पांढरा पट्टा तेवढा दिसत होता. घड्याळ माझ्या हातात राहिलं होतं. ते मी काकूंकडे दिलं.

ऑपरेशन नीट झालं. सर घरी आले, आणखी सात महिने होते. ते गेले तेव्हा मी तिकडे तुमच्याकडे होते.

ते फोटोंचं ॲप मी अजून घेतलेलं नाही. कलम अकरा मला कळलेलं नाही. पुढच्या रविवारी तुमच्यापैकी एकानं ते मला मोठ्यानं वाचून दाखवा, सावकाश.

त्या कॉलेजात आता स्नेहल शिकवते. विधी साहाय्य कक्षही तिच्याकडेच आहे. फॉर्म आता कागदावर नसतो, मुलं तो लॅपटॉपवर भरतात. मिनिटांचा रकाना अजून आहे. तो रिकामा ठेवला तर फॉर्म पुढे जात नाही.

तुमची,
आजी